काचबिंदू पिकत नाही

आत्याला निदान कळलं त्या संध्याकाळी तिने वडिलांना फोन केला. "अरे, बिंदू निघालाय डोळ्यात. सुरुवात आहे म्हणाले." वडील शांतपणे म्हणाले, "मग पिकू दे की. एवढ्यात काय घाई?"

वडिलांचा तर्क बरोबर होता, बिंदू चुकीचा होता. त्यांच्या डोक्यात मोतीबिंदू होता. त्यात डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की पुन्हा लख्ख दिसतं. तिथे वर्षभर चालढकल केली तरी बहुतेकदा नजर परत मिळते, म्हणून "पिकला की काढू" ही भाषा घराघरांत रुळली. (आता डॉक्टर मोतीबिंदूसुद्धा पिकायची वाट बघायला सांगत नाहीत, पण ते असो.) आत्याला झालाय काचबिंदू. नावाची शेपटी तेवढी सारखी. तो पिकत नाही, काढता येत नाही, आणि त्यात जेवढी नजर जाते तेवढी कायमची जाते.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे. आपल्याकडे गावोगाव डोळे तपासून झालेल्या पाहण्यांमध्ये असंही दिसलं की ज्यांना तो सापडला, त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना तोवर पत्ताच नव्हता. आत्या त्या दहाव्यांपैकी निघाली, तीही चष्म्याचा नंबर काढायला गेली म्हणून.

मोरी तुंबते तेव्हा

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पारदर्शक पाणी सतत झिरपत असतं. हे अश्रू नव्हेत. अश्रू बाहेरून डोळा धुतात, हे पाणी आतल्या भिंगाला आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला पोसतं. मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा बारीकसा अंश. पण ते थांबत नाही. दोनेक तासांत सगळं पाणी बदलून जातं. जेवढं तयार होतं तेवढंच बाहेर जायला हवं, आणि त्यासाठी बुबुळाच्या कडेला, कोपऱ्यात, एक बारीक जाळी आहे.

नळ चालू आणि मोरीच्या जाळीत केस अडकलेले, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. पाणी जातं, पण रेंगाळत. पातळी चढते. डोळा बंद गोळा असल्यामुळे पातळी चढायला जागा नाही, म्हणून दाब चढतो. काचबिंदूच्या एका प्रकारात, ज्याला उघड्या कोपऱ्याचा म्हणतात, जाळी अशी हळूहळू तुंबते. दुसऱ्या प्रकारात जाळी ठीक असते, पण बुबुळाचा रंगीत पडदा पुढे सरकून कोपराच मिटवतो. मोरीवर पाट ठेवल्यासारखं. हा दुसरा प्रकार कधीकधी एका रात्रीत भडकतो. डोळा लाल, प्रचंड ठणका, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, उलट्या. घरचे अर्धशिशी किंवा पित्त समजून सुंठीचा लेप लावत बसतात आणि त्यात डोळा जातो. असं झालं तर सकाळ व्हायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. मात्र आपल्याकडे या प्रकारातही बहुतेकांना असा झटका येतच नाही; तोही गुपचूपच वाढतो.

दाब वाढला की त्याचा मार सगळ्यात कमकुवत जागी बसतो. डोळ्याच्या मागच्या बाजूला एक भोक आहे, जिथून दृष्टीची नस मेंदूकडे निघते. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि प्रत्येक तंतू नजरेच्या एकेका तुकड्याची खबर पोचवतो. दाबाने हे तंतू त्या भोकाच्या कडेशी दबतात, त्यांचा पुरवठा तुटतो आणि ते एकेक करून मरतात. कापलेलं बोट भरून येतं, मोडलेलं हाड जुळतं, पण मेलेला हा तंतू पुन्हा उगवत नाही.

"मग मला कळलं कसं नाही?"

आत्याचा पहिला प्रश्न हाच होता. तिला अजूनही सुईत दोरा ओवता येतो. हे समजून घ्यायला दोन मिनिटांचा प्रयोग करा, वाचून पुढे जाऊ नका. रेघी वहीच्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे त्याच ओळीत ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत कागद फूटभर अंतरावर धरा आणि अगदी सावकाश पुढेमागे करा. एका जागी ठिपका नाहीसा होईल.

गंमत ठिपका जाण्यात नाही. त्याच्या जागी काय दिसतं ते बघा. भोक दिसत नाही, काळा डाग दिसत नाही. वहीच्या रेघा तिथून सरळ पुढे गेलेल्या दिसतात! ज्या जागेवरून नस बाहेर पडते तिथे डोळ्याला मुळात दिसतच नाही. जन्मापासून आपल्या दोन्ही डोळ्यांत ही आंधळी जागा आहे आणि मेंदू आजूबाजूचे धागे ओढून तिथे रफू करत आलाय. इतकं बेमालूम, की आपल्याला आयुष्यभर शंकाही आली नाही.

काचबिंदूत भोकं वाढतात आणि मेंदू तेच रफू करत राहतो. शिवाय एका डोळ्यातलं भोक दुसऱ्या डोळ्याच्या नजरेने झाकलं जातं. त्यात वाचायची, चेहरा ओळखायची, सुईत दोरा ओवायची मधली नजर बहुधा शेवटपर्यंत टिकते. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसालाही काचबिंदू असू शकतो.

पोस्टरवर काचबिंदूची नजर काळ्या बोगद्यातून बघितल्यासारखी दाखवतात. ते चित्र दिशाभूल करतं, असं माझं मत. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी काचबिंदू झालेल्या ५० जणांना तुम्हाला कसं दिसतं असं विचारून चित्रं दाखवली, तेव्हा काळा बोगदा एकानेही निवडला नाही. बरेच जण म्हणाले, काही भाग धूसर वाटतो. काही म्हणाले, एखादी वस्तू नसतेच तिथे. चौघांतल्या एकाला तर काही कमी दिसतंय याची जाणीवच नव्हती. काळं दिसायची वाट बघणारा माणूस म्हणूनच फसतो. खऱ्या खुणा किरकोळ असतात. जिन्याची शेवटची पायरी चुकणं. रस्ता ओलांडताना स्कूटर "अचानक कुठून तरी" येणं. टीपॉयवरचा पेला हाताने लवंडणं आणि वयावर खापर फोडणं.

"पण माझा दाब तर नॉर्मल आला"

आधी एक गैरसमज काढू: डोळ्याचा दाब आणि बीपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीपीची गोळी वेळेवर घेणाऱ्याला डोळ्याच्या दाबाची हमी मिळत नाही.

डोळ्याचा दाब १० ते २१ असेल तर तो सर्वसाधारण समजतात. पण २१ ही लक्ष्मणरेषा नाही. काहींचा दाब २५ असूनही नस वर्षानुवर्षं ठणठणीत राहते आणि काहींची १६ लाही झिजते. जपानमधल्या ताजिमी शहरात झालेल्या पाहणीत उघड्या कोपऱ्याचा काचबिंदू असलेल्यांपैकी ९२ टक्के लोकांचा दाब २१ किंवा त्याहून कमी होता. कोणाची नस किती सोसते हे ज्याचं त्याचं. एकाच वजनाचं गाठोडं एकाच्या डोक्यावर सहज राहतं आणि दुसऱ्याची मान दुखते, तसं.

शिवाय दाब दिवसभर वरखाली होतो. सकाळी अकराला मोजलेला आकडा पहाटेचा नसतो. आणि मोजणी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या जाडीवरही अवलंबून असते. पडदा पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं. चष्मा घालवायचं लेझर केलेल्या तरुणांनी हे लक्षात ठेवावं. त्या लेझरने पडदा पातळ होतो, त्यामुळे पुढे पन्नाशीत कुठल्याही डॉक्टरला "माझं लेझर झालंय" हे आपणहून सांगायला हवं.

म्हणून तपासणी तीन पायांवर उभी असते: दाब, नसेचा चेहरा आणि नजरेचा नकाशा. नसेचा चेहरा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. नसेच्या मधोमध वाटीसारखा खोलगटपणा असतो. तंतू मेले की वाटी रुंदावते. ओसीटी नावाचं यंत्र तंतूंच्या थराची जाडी मोजतं. नुसत्या दाबाच्या एका आकड्यावर "काही नाही तुम्हाला" असं ऐकून परत आला असाल, तर तपासणीचे दोन पाय राहिलेत.

सुरुवात म्हणजे नेमकं किती गेलंय?

नजरेचा नकाशा काढणाऱ्या चाचणीला सगळे फील्ड टेस्टच म्हणतात. अंधारी खोली, पांढऱ्या घुमटासारखं यंत्र, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकलेला, हातात बटण. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. आत्या बाहेर आली ती रडवेली. "अर्धे दिवे दिसलेच नाहीत मला. नापास झाले." ती नापास झाली नव्हती. यंत्र प्रत्येक जागी दिवा मंद मंद करत तुम्हाला दिसेनासा होईपर्यंत नेतं. निरोगी माणसालाही त्यातले बरेच दिवे दिसत नाहीत. हे एवढं वाक्य चाचणीच्या आधी कुणी सांगितलं, तर म्हाताऱ्या माणसांचे निम्मे घाम वाचतील.

त्या कागदावर एमडी नावाचा आकडा असतो. तुमच्या वयाच्या निरोगी माणसापेक्षा नजर सरासरी किती मंदावली आहे, याचं ते माप. शून्याच्या आसपास म्हणजे ठीक. उणे ६ पर्यंत सुरुवात, उणे ६ ते उणे १२ मध्यम, त्यापुढे गंभीर. उणे ३० च्या आसपास म्हणजे नजर जवळजवळ संपलेली. आत्याचा एका डोळ्याचा उणे ४, दुसऱ्याचा उणे दीड.

"सुरुवात" हा शब्द इथे फसवा आहे. फील्ड टेस्टमध्ये खात्रीने काही दिसेपर्यंत नसेतले पाव ते तिसरा हिस्सा तंतू गेलेले असू शकतात, असं मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांच्या अभ्यासातून दिसलं आहे. म्हणजे यंत्रावर सुरुवात दिसते, तेव्हा आत ती होऊन बरीच वर्षं झालेली असतात.

"म्हणजे मी आंधळी होणार का?"

याचं खरं उत्तर "हो" किंवा "नाही" असं नसतं, पण ते "देवाच्या हातात" असंही नसतं. फेब्रुवारीत विहिरीत डोकावणारा शेतकरी तीन गोष्टी बघतो: पाणी किती उरलंय, रोजचा उपसा किती, आणि अजून किती दिवस काढायचेत. डोळ्याचंही तसंच. नजर किती उरली आहे, वर्षाला किती झिजते आहे आणि आयुष्य किती बाकी आहे. फरक इतकाच की या विहिरीला मृगाचा पाऊस नाही.

आता गणित करून बघू. पंचेचाळिशीतला माणूस, एमडी उणे ४, दरवर्षी १ ने घट. पासष्टीला तो उणे २४ वर. म्हणजे निवृत्तीनंतर नातवाचा हात धरून चालायची वेळ. तोच उणे ४ एका ७८ वर्षांच्या आजींचा, घट वर्षाला ०.३. नव्वदीला त्या उणे ८ च्याही अलीकडे. त्यांना बहुधा कधीच फार जाणवणार नाही. कागद दोघांचा सारखा, भविष्य वेगळं. (झीज दरवर्षी इतकी सरळ रेषेत होत नाही, पण अंदाजाला एवढं पुरतं.) म्हणून तरुण वयातल्या "किरकोळ" काचबिंदूला डॉक्टर जास्त घाबरतात, आणि म्हणूनच एका फील्डवर काही ठरत नाही. वेग कळायला अनेक फील्ड लागतात. पहिल्या दोन वर्षांत सहा करा अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. जुने कागद रद्दीत देणाऱ्या माणसाचा वेग कुणालाच काढता येत नाही.

उपचाराने काय फरक पडतो हे बघायला स्वीडनमध्ये सुरुवातीचा काचबिंदू असलेल्या २५५ जणांचे दोन गट केले होते. एका गटाचा दाब सुमारे पाव हिश्श्याने कमी केला, दुसऱ्याला नुसतं लक्षपूर्वक तपासत राहिले. साधारण सहा वर्षांनी उपचार न घेतलेल्यांपैकी ६२ टक्के लोकांचा आजार पुढे सरकला होता, उपचार घेतलेल्यांपैकी ४५ टक्के. इथे "सरकला" म्हणजे यंत्राला फरक कळला, आंधळेपण नव्हे. ४५ हा आकडा मला आधी निराश करून गेला. मग त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कळली: दाबाचा एकेक अंक खाली आला की पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे २२ वरून १८ वर येणं ही शोभेची कामगिरी नाही.

आणि आंधळेपण? स्वीडनच्याच माल्मो शहरात काचबिंदूवर उपचार घेत वारलेल्या ५९२ रुग्णांचे शेवटपर्यंतचे कागद तपासले गेले. शेवटच्या भेटीपर्यंत ४२ टक्के लोकांचा किमान एक डोळा काचबिंदूने गेला होता, १६ टक्क्यांचे दोन्ही. ज्यांचे दोन्ही गेले, त्यांतल्या निम्म्यांचं वय तेव्हा ८६ किंवा त्याहून जास्त होतं. आकडे लहान नाहीत, लपवण्यात अर्थ नाही. पण यातून दुसरी बाजूही निघते: पाचांपैकी चौघांहून अधिक लोक कामापुरती नजर घेऊन गेले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्यात १९६५ ते १९८० मध्ये निदान झालेल्यांचा २० वर्षांत एक डोळा जाण्याचा धोका जवळपास २६ टक्के होता. १९८१ ते २००० मध्ये निदान झालेल्यांचा साडेतेरा. दोन पिढ्यांत धोका निम्म्यावर आला.

"थेंब घालून काहीच फरक वाटत नाही"

वाटणारच नाही. थेंब दाब उतरवतात. नजर वाढवत नाहीत. दुखत नसलेल्या डोळ्यात रोज चुरचुरणारं औषध घालायचं, तेही आयुष्यभर, आणि बक्षीस काय, तर "आहे तसंच राहील". माणसाच्या स्वभावाच्या हे अगदी उलट आहे, म्हणून थेंब सुटतात. बाटली संपते, दिवाळी येते, मेडिकलवाला "उद्या येईल" म्हणतो, आणि महिना जातो.

दुसरी अडचण हाताची. आत्या मालिका बघता बघता मान न वाकवता थेंब टाकायची. निम्मं औषध गालावरून पदरात. आता ती पाठीवर झोपते, खालची पापणी बोटाने ओढते, त्या खिशात एकच थेंब सोडते, डोळा अलगद मिटते आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून धरते, म्हणजे औषध नाकात-घशात उतरत नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. घशात उतरण्याचा मुद्दा क्षुल्लक नाही: टिमोलॉल हे स्वस्त आणि जुनं औषध दमा असलेल्याला श्वासाचा गंभीर त्रास देऊ शकतं. दमा आहे हे डोळ्याच्या डॉक्टरला सांगायचं बहुतेकांना सुचत नाही, कारण दमा छातीत आणि औषध डोळ्यात!

लेझर, ऑपरेशन आणि शीर्षासन

थेंबांचा कंटाळा असेल तर जाळीवर लेझर करून तिला मोकळं करता येतं. उघड्या कोपऱ्याच्या प्रकारात ते काही मिनिटांचं काम आहे. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना आधीच लेझर केलं, त्यांतल्या ७४ टक्के लोकांना तीन वर्षांनीही थेंबांविना दाब ताब्यात ठेवता आला. त्याचा परिणाम ओसरतो, पुन्हा करावं लागू शकतं. मिटलेल्या कोपऱ्याच्या प्रकारात वेगळं लेझर आहे, त्यात बुबुळाच्या पडद्याला बारीक भोक पाडतात. ऑपरेशन म्हणजे पाण्याला नवी वाट काढून देणं. ते साधारणपणे थेंब आणि लेझर पुरत नाहीत तेव्हा. यातलं काहीही गेलेली नजर आणत नाही, हे ऑपरेशनच्या आधी घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावं. नाहीतर पट्टी काढल्यावर "काही उपयोग झाला नाही" म्हणून पुढची तपासणीच बंद होते.

योगासनांबद्दल आत्याने मुद्दाम विचारलं, कारण तिच्या वर्गात शीर्षासन "डोळ्यांसाठी चांगलं" म्हणून शिकवतात. चेन्नईत योग करणाऱ्यांवर झालेल्या मोजणीत शीर्षासनात डोळ्याचा दाब दुप्पट होतो असं दिसलं. चालणं, प्राणायाम, बाकीची आसनं चालू दे. डोकं खाली जाईल अशी आसनं तेवढी नकोत.

आणि स्टिरॉइडचे थेंब. पावसाळ्यात डोळे आले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली बाटली घरात असते, आणि पुढे डोळा जरा खाजला की तीच निघते. लालपणा जादूसारखा जातो, म्हणून ती लाडकी. पण काहींच्या डोळ्यात काही आठवड्यांतच तिने दाब चढतो, आणि शाळेतली पोरंही यातून सुटत नाहीत. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन लिहिलंय का, एवढं आज घरी बघा.

भावंडांचं काय?

रॉटरडॅममध्ये काचबिंदूच्या रुग्णांची भावंडं आणि मुलं तपासली, तेव्हा त्यांना आयुष्यात कधीतरी हा आजार होण्याचा धोका २२ टक्के निघाला. ज्यांच्या घरात तो नव्हता, त्यांच्यात २.३. डॉक्टरांनी आत्याला सांगितलं होतं, भावाला पाठवा.

वडील तीन महिने टाळत राहिले. "मला पेपर वाचता येतो बिनचष्म्याचा." शेवटी आत्यानेच वहीचा कागद आणला, फुली आणि ठिपका काढला आणि त्यांचा डावा डोळा स्वतःच्या हाताने झाकला. ठिपका गेला तेव्हा ते काही बोलले नाहीत. कागद पुढेमागे करून तीनदा बघितलं, मग उजवा डोळा झाकून, कागद उलटा करून पुन्हा तीनदा. गुरुवारची वेळ मिळाली आहे, सकाळी साडेदहाची. बाहुली मोठी करतील, म्हणून गाडी मी चालवणार आहे.